हुरड्याशेजारची कोशिंबीर

माघातला रविवार, त्यातच संकष्टी, आणि भाऊजींचा निरोप आला की ज्वारी हुरड्यावर आली आहे; आता थांबलात तर दाणा टणक होईल, मग नुसती भाकरीच खा. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही पंचवटीत नागचौकाजवळच्या जुन्या घरात, ते सय्यद पिंप्रीला शेतावर. द्राक्षबागेच्या कडेला चार-पाच गुंठे ज्वारी ते घरच्यांसाठी म्हणून टाकतात आणि मुद्दाम उशिरा टाकतात, कारण पौषात आमच्याकडे लग्नाची बोलणी नसली तरी बाकी सगळ्यांना काही ना काही कामं असतात.

संकष्टीला हुरडा म्हणजे पेचच. ज्वारी धान्य, उपवासाला चालत नाही. तीस-पस्तीस माणसांतली दहा-बारा उपवासाची. ती आगटीभोवती बसणार, धूर खाणार, कणसं भाजून दुसऱ्यांच्या हातावर चोळून देणार आणि स्वतः तोंडाला लावणार नाहीत. त्यांच्यासाठी राखेत पुरलेली रताळी, भाजलेल्या शेंगा आणि बटाट्याची कोशिंबीर. गंमत अशी की बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही तिन्ही मंडळी समुद्र ओलांडून अमेरिका खंडातून आली, पोर्तुगीज इकडे यायला लागल्यानंतर. ती उपवासाला चालतात आणि हजारो वर्षं आपल्या रानात असलेली ज्वारी मात्र चालत नाही. आईंना (म्हणजे सासूबाईंना) हे एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “मग तू खा हुरडा. तुला कोणी धरलंय?”

पण कोशिंबीर फक्त उपवासवाल्यांची नसते. हुरडा ज्यांनी पोटभर खाल्लाय त्यांना ठाऊक असेल. पहिली मूठ गोड, दुधाळ. दुसरीला लसणाची चटणी, तिसरीला कारळाची. मग घशात धूर बसतो, जीभ चरचरते, तोंड कोरडं पडतं आणि भूक असूनही हात थांबतो. त्या वेळी पानात थंड, ओलं आणि आंबट काहीतरी असावं लागतं. नुसतं दही पातळ पडतं, ताकाने पोट डब्ब होतं. दह्यातला बटाटा मात्र घास घेऊन खाता येतो, आणि त्यानंतर पुढची मूठ पुन्हा पहिल्यासारखी गोड लागते. विस्तवावरच्या जेवणाला शेजार लागतो, असं माझं ठाम मत आहे, आणि तो शेजार घरून करून न्यावा लागतो. शेतावर गेल्यावर कोणी बटाटे उकडत बसत नाही.

बटाटे मी बुधवारीच आणले होते, गोदाघाटावरच्या बाजारातून. बुधवारी तिथे माणसांना पाय ठेवायला जागा नसते आणि घासाघीस करायला मजा येते. बाईने दोन ढीग लावले होते. एक जुन्या, जाड सालीच्या बटाट्यांचा, दुसरा नव्या मालाचा, अंगठ्याने घासलं तरी साल निघेल असा. वड्याला मी जुना घेते. तो उकडला की फुटतो, पीठ होतो, वड्याला तेच हवं. कोशिंबिरीला नवा. त्याच्यात पाणी जास्त, पिठूळपणा कमी, म्हणून फोड धारेला धार राहते. चार किलो घेतले, सगळे मध्यम आणि साधारण एका मापाचे. बाई वैतागली, “ताई, लग्नाला नवरा निवडता का बटाटा?” हिरवट झाक असलेला एकही घेतला नाही. उजेडात पडून हिरवा झालेला बटाटा कडवट असतो आणि पोटालाही चांगला नसतो. घरी आणून टोपलीत, कपाटाखालच्या अंधारात ठेवले. फ्रीजमध्ये कधीच ठेवत नाही. थंडीने बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि कोशिंबीर नको त्या जागी गोड लागते.

नणंदेचा मुलगा महिनाभराच्या सुट्टीवर आला होता. तो असतो न्यू जर्सीला. शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून मी काय करते ते बघत होता.

“मामी, हे तर आमचं पोटॅटो सॅलडच की.”

“असेल तुमचं. ते मीठ दे इकडे.”

मग त्याने सांगायला घेतलं. 4 जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, तिकडे घराच्या मागच्या अंगणात शेगडी मांडतात, शेजारी, ऑफिसातले, आपले मराठी लोक सगळे येतात, आणि भाजलेल्या पदार्थांच्या शेजारी पोटॅटो सॅलड असायलाच लागतं. उकडलेला बटाटा, मेयोनीज, मोहरीची पेस्ट, अंडं, बारीक चिरलेली सेलरी, कांदा. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे शेजाराची गरज फक्त आमच्याच घशाला नाही. जर्मन लोकांनी बटाट्याचं सॅलड अमेरिकेत नेलं असं म्हणतात; त्यांच्याकडे काही भागांत ते मेयोनीजऐवजी व्हिनेगर आणि गरम सूप घालून कोमटच खातात. आणि आपल्या लग्नांच्या बुफेत अननसाचे तुकडे घालून जे गोडमिट्ट ‘रशियन सलाड’ असतं, त्याचा मूळपुरुष मॉस्कोच्या हर्मिटेज रेस्तराँमधला. 1860च्या दशकात ल्युसियाँ ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने ते केलं, त्यात शिकारीच्या पक्ष्याचं मांससुद्धा असे. नाशिकच्या मंगल कार्यालयापर्यंत येता येता पक्षी उडाला आणि अननस आला.

उकडण्याची माझी पद्धत आईंची आहे. कुकर नाही. शिट्टीच्या हिशेबात नवा बटाटा हमखास फुटतो. मोठ्या पातेल्यात बटाटे सालासकट, ते बुडून चार बोटं वर येईल एवढं गार पाणी, त्यात मूठभर मीठ. उकळत्या पाण्यात सोडले तर बाहेरचा थर गळून जातो आणि आत गाठ राहते. पाणी खळखळू द्यायचं नाही, नुसतं हलत राहिलं पाहिजे. सुरीचं टोक अडखळत नाही पण बटाटा सुरीवर चढूनही येत नाही, ती वेळ साधायची. आई हे सुरीने बघत नाहीत. विणायच्या सुईने बघतात, आणि त्या सुईने दुसरं काही विणलेलं मी पाहिलेलं नाही.

साल हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच काढायचं. आणि इथे भाच्याने बरोबर प्रश्न विचारला, की दही गारच हवं तर घाई कशाला? घाई मिठासाठी. कोमट बटाटा मीठ आत घेतो, गार झाला की ते वरच्या वर राहतं. म्हणून फोडी कोमटपणीच केल्या, पाऊण इंचाच्या, आणि त्यावर मीठ, किंचित साखर, लिंबाचा रस आणि हिरवी मिरची, आलं, जिऱ्याचं भरड वाटण टाकून परातीत पसरून ठेवल्या. ढवळायचं नाही, परात दोन्ही हातांनी धरून झोल द्यायचा. लिंबू उकडल्यानंतरच. उकडताना आंबट पडलं तर बटाटा शिजायचं नाव घेत नाही. रात्रभर फोडी गार झाल्या की घट्ट होतात, सकाळी चमच्याने हलवल्या तरी मोडत नाहीत.

दही दोन लिटर दुधाचं, घरी लावलेलं. पंचात बांधून तासभरच टांगलं. चक्का करायचा नव्हता, फक्त वरवरचं पाणी जायला हवं होतं. दही आणि बटाटा रविवारी सकाळपर्यंत वेगळेच ठेवले. सगळं न्यायला आमच्याकडे आईंच्या वेळची पितळी डब्यांची उतरंड आहे. नाशिकच्या भांडीबाजारातल्या वजनदार वस्तू. पण कल्हई उडालेली. त्यात दही कळकतं. आईंचा आग्रह होता त्याच डब्यांचा. मी त्यात शेंगा भरल्या आणि कोशिंबीर स्टीलच्या कड्यांच्या डब्यांत घातली. दोघींचंही राहिलं.

सकाळी दोन वाटे केले. उपवासाच्या वाट्यात दही, जाडसर दाण्याचा कूट आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी, बस. कोथिंबीर आमच्याकडे उपवासाला चालत नाही. पलीकडच्या घरात चालते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कोथिंबीर वेगळी वाटीत नेली.

दुसऱ्या वाट्यात फेसलेली मोहरी. ही गोष्ट आता घराघरातून जात चालली आहे. लोक मोहरी फोडणीत तडतडवतात, तेवढीच तिची ओळख. फेसलेली मोहरी वेगळी. तीन चमचे मोहरी आईंनी दगडी खलात घेतली, कोरडी थोडी कुटली, मग गार पाण्याचे शिंतोडे मारत घोटायला लागल्या. आधी काही होत नाही, नुसता पिवळट-काळा लगदा. मग तो फिकट होतो, फुगतो, बत्त्याला फेस चिकटतो आणि एकदम वास नाकात चढतो. दाणा फुटून पाणी लागल्याशिवाय मोहरीत तिखटपणा जन्मालाच येत नाही. कोरडी मोहरी हुंगून बघा, वास नाही. गरम पाणी घातलं की तो मरतो, आणि दह्यात घाईने कालवली तर आंबटामुळे तिथेच थांबतो. म्हणून घोटून झाल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग दह्यात. “डोळ्यांत पाणी नाही आलं तर ती मोहरी नव्हे,” असं म्हणत आईंनी खल भाच्याच्या नाकाखाली धरला. पोरगं मागे सरकून कपाटावर आदळलं. बाटलीतल्या पिवळ्या मस्टर्डवर वाढलेला जीव.

त्यालाही हौस होती. मेयोनीज करून दाखवतो म्हणाला. संकष्टी, म्हणून अंड्याला मज्जाव. तसंही कच्च्या अंड्याचं मेयोनीज माघातल्या दुपारी शेतावर नेणं मला पटलं नसतं. तेलंगणाने 2024 मध्ये त्यावर बंदी घातली ती काही उगाच नाही. त्याने मिक्सरच्या भांड्यात अर्धा कप गार दूध, एक कप सूर्यफुलाचं तेल, मीठ आणि आईंच्या मोहरीतलंच थोडं घेऊन फिरवलं, वरून लिंबू पिळलं, आणि खरोखर घट्ट पांढरं लोण्यासारखं झालं. किलोभर फोडी मी त्याला काढून दिल्या. सेलरी कुठून आणणार, त्याने काकडीच्या बिया काढून बारीक चिरून घातली. चव घेतली. वाईट नव्हतं. जड होतं. तोंडात तेल रेंगाळतं आणि हुरड्यानंतर हवा असलेला आंबट झटका येतच नाही. मी हे त्याला सांगितलं नाही, शेतावर माणसं सांगणारच होती.

निघायच्या आधी शेवटचा प्रश्न उन्हाचा. त्याच्या तिकडे शिकवतात की असले पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि ऊन बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. दह्याचं तसं पटकन बिघडत नाही, पण आंबतं, पाणी सोडतं. म्हणून बर्फाच्या पेटीत डबे, वर ओलं गोणपाट. आडगाव नाक्यावर गर्दीत अडकलो तेव्हा त्या पेटीचा घोर मला लागला होता, बाकी कोणाला नाही.

शेतावर आगटी पेटून निखारे झाले होते. जाऊबाईंनी गोवऱ्या नीट वाळलेल्या निवडल्या होत्या, म्हणून धूर कमी. कणसं राखेत खुपसायची, दाणा हिरव्याचा पोपटी-तपकिरी झाला की बाहेर काढून गरम असतानाच दोन्ही तळहातांत चोळायची. भाऊजींच्या हाताला आता चटका बसत नाही, ते एका वेळी दोन कणसं चोळतात आणि सुपात फुंकर मारून कोंडा उडवतात. भाचा एकाच कणसाला “हा, हा” करत नाचला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मोहरीची कोशिंबीर आधी संपली. उपवासाची नंतर संपली, कारण बिनउपवासवाल्यांनी तिच्यावरही हात मारला आणि धाकट्या नणंदेला दुसऱ्यांदा मिळालीच नाही. त्यावरून जरा कुरबूर झाली. मेयोनीजची मुलांनी उचलली, भाकरीच्या तुकड्यावर घालून. जाऊबाईंनी चमचाभर चाखली आणि म्हणाल्या, “चांगली आहे, पण हिला हुरडा नको, पाव पाहिजे.” भाच्याला ते लागलं नाही. उलट निकाल मान्य करून तो माझ्याकडे वही घेऊन आला, म्हणजे मोबाईल.

त्याला लिहून दिलं ते असं. तिकडचा रसेट बटाटा घेऊ नकोस, तो पिठूळ, वड्याच्या कामाचा; लाल सालीचा किंवा युकॉन गोल्ड घे. ग्रीक योगर्ट आधीच घट्ट असतं, बांधायची गरज नाही, पण आंबटपणा कमी, म्हणून लिंबू जास्त. कूट मीठ लावलेल्या दाण्यांचा करू नकोस. मोहरी इथून अर्धा किलो ने. खल विमानात वजन खाईल, कॉफी दळायचं यंत्र चालेल, मात्र दळल्यावर पाणी गारच घाल. आणि दही पाहुणे आल्यावर घाल, ते गाडी लावत असताना.