आंबट-तिखट शेवटी

"मॅडम, घरात सात माणसं. माझ्या एकटीसाठी वेगळी कढई कोण चढवणार?"

सुरतेतल्या लिंबायतच्या एका ताईंचा हा प्रश्न. मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या, घरबसल्या साड्यांना टिकल्या लावायचं काम करणाऱ्या. दिवसातून वीस-वीस वेळा लघवीला जावं लागे. ओटीपोटात कळ यायची, जाऊन आलं की घटकाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. लघवीच्या कल्चरमध्ये तिन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. शेवटी युरॉलॉजिस्टनी निदान केलं : इंटरस्टिशियल सिस्टायटिस. हातात पथ्याची छापील यादी पडली आणि ताई आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या.

या दुखण्याची नोंद जुनी आहे. बाल्टिमोरचे डॉ. गाय हनर यांनी १९१५ मध्ये स्त्रियांच्या मूत्राशयातल्या एका दुर्मीळ व्रणाचं वर्णन केलं. असे व्रण सगळ्याच रुग्णांत दिसत नाहीत. मूत्राशयाच्या आतल्या संरक्षक अस्तराला इजा झाली की लघवीतले क्षार खालच्या नसांना झोंबतात, अशी एक उपपत्ती आहे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत आहारातला बदल पहिल्या उपायांमध्येच ठेवला होता.

ताईंच्या हातातली यादी चुकीची नव्हती. लिंबू, टोमॅटो, मिरची, चहा, कॉफी, सोड्याची पेयं, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या यांचा त्रास अनेकांना होतो. पण सगळ्यांना सगळ्याचा होत नाही, आणि नुसत्या नकारांवर कुणाला जेवता येत नाही. म्हणून मी आधी वही ठेवायला सांगते. काय खाल्लं, कधी खाल्लं, लघवीला किती वेळा गेलात, दुखणं किती. दोन ते चार आठवडे संशयित पदार्थ बंद ठेवायचे, मग एकेक परत आणायचा आणि मध्ये तीन दिवस थांबून बघायचं. चहा एकदम तोडायचा नाही, डोकं धरतं. रोज थोडा थोडा कमी करायचा. आणि फेऱ्या वाचवायला पाणी तोडायचं, हे तर मुळीच नाही. लघवी घट्ट झाली की जास्त जळते.

ताईंच्या वहीत दर सोमवार वाईट निघाला. लिंबू तर त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मग रविवारी असं काय होत होतं? नाश्त्याला बाहेरून नायलॉन खमण येत होतं. त्याच्या पिठात बहुधा लिंबूफूल पडतं, म्हणजे सायट्रिक आम्ल. सोड्याशी त्याचा संयोग झाला की पीठ फुगतं. फ्रूट सॉल्टमध्येही तेच असतं. लिंबू ताटातून गेलं होतं, पण खमणातून परत येत होतं.

पर्याय त्यांच्याच माहेरी होता : फुनके. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, त्यात कोथिंबीर, जिरं, मीठ घालून वाफवायची. आंबट काहीच लागत नाही. फक्त सोबत कढीऐवजी कच्चं तेल किंवा तूप.

राहिला वेगळ्या कढईचा प्रश्न. त्याचं उत्तर मला वर्षानुवर्षं स्वयंपाकघरांतल्या गोष्टी ऐकून सापडलं. कढई एकच राहू द्या, क्रम बदला. आंबट आणि तिखट शेवटी घाला.

शेवभाजीचं वाटण टोमॅटोवाचून उत्तम होतं : खमंग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरं. रस्सा उकळला की ताईंची वाटी बाजूला काढायची, मग उरलेल्यात मिरचीची पूड आणि काळा मसाला. त्यांच्या वाटीत घरची बिनतिखटाची शेव. वरण-बट्टीला तर काही करावंच लागत नाही. मिरचीची फोडणी वाढताना वरून द्यायची.

आणि सुरतेचं उंधियू? हिवाळा आला की पहिला प्रश्न हाच. पापडी, रताळी, कंद, बटाटे, ओला लसूण, कोथिंबीर, खोबरं, मेथीची मुठिया. यातलं बहुतेक सगळं सहसा चालतं. हिरव्या मसाल्यात मिरची एकत्र वाटू नका, तिची वेगळी चटणी करा आणि लिंबू ज्याने त्याने आपल्या ताटात पिळा. एवढ्यावर उंधियू परत मिळतं. चंदनी पडव्याच्या सणाला खातात त्या घारीत तर खवा, तूप, साखर, बदाम-पिस्ते. मधुमेह नसेल तर एक घारी आनंदाने खा.

एक मात्र कळकळीने सांगते. लघवीतून रक्त, ताप, कंबरेत कळ असेल तर आधी डॉक्टर. जंतुसंसर्ग आणि मुतखडा नाही ना, हे तपासल्याशिवाय पथ्याच्या मागे लागू नका.

आपल्या घरांत बाई स्वतःच्या पथ्याचं सगळ्यांत शेवटी बघते, म्हणूनच ते मोडतं. गेल्या दिवाळीआधी ताई वही दाखवायला आल्या, तेव्हा त्यांनी घरचा एक प्रसंग सांगितला. चिवड्याचा घाणा निघाला होता. पोहे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, हळद, मीठ घालून झालं होतं. मिरची आणि लिंबूफूल अजून पडायचं होतं. तेवढ्यात सासूबाई हात थांबवून म्हणाल्या, "थांब, आधी तुझा डबा आण."