पाठवणारी मंडळी

ख्रिस्ती सेवेसाठी पुढे येणाऱ्या तरुणांच्या मुलाखती घेणं हा माझ्या पाळकीय कामाचा एक भाग आहे. समोर बसलेला उमेदवार बहुधा पाचारणापासूनच सुरुवात करतो. युवक शिबिराची शेवटची रात्र, प्रार्थना, काळजाला भिडलेलं एखादं वचन आणि प्रभू मलाच बोलावतो आहे ही खात्री. मी ते आदराने ऐकतो, कारण मीही असाच आलो. मग साधे प्रश्न विचारतो. संडे स्कूलमध्ये शिकवलंस का? गावात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याच्याकडे जातोस का? घरच्यांचं काय म्हणणं आहे? आणि तुझ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे पाचारण तुझ्यात दिसतं का?

या शेवटच्या प्रश्नाला बरेच जण गोंधळतात. हाक तर मला आली, मंडळीचा संबंध काय? पण प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा आणि शौल निघाले ते अंत्युखियाच्या मंडळीने उपास करून, प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून पाठवल्यावर. पुढे पौल तुरुंगात असताना फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी मदत धाडली. हात ठेवणं एका दिवसात आटोपतं. मदत धाडणं वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं, आणि आपल्या मंडळ्या कमी पडतात त्या इथेच.

विल्यम कॅरी यांचं नाव मराठी वाचकाला परकं नसावं. बंगालमधल्या सेरामपूरला राहून त्यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश छापला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंगला त्यांच्या मित्रांनी मिशनरी संस्था काढली, तेव्हा कबूल झालेली एकूण वर्गणी होती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. पुढच्या वर्षी कॅरी कलकत्त्याला उतरले. जवळचे पैसे लवकरच संपले आणि मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात त्यांना नोकरी धरावी लागली. इतिहासात त्यांच्या चिकाटीचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या पत्नी डोरोथीबाई आठवतात. त्यांना यायचंच नव्हतं. बरीच मनधरणी झाल्यावर त्या तान्ह्या बाळाला घेऊन जहाजात बसल्या. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला आणि त्यानंतर या बाईचं मन कायमचं ढासळलं. हाक एकाला आली, किंमत घराने मोजली.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त हेच किती स्वच्छपणे लिहून ठेवलं आहे! १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या विचाराने. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. संन्यस्त वृत्तीचा कवी पगार सोडू शकतो. घरात उद्या काय शिजणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून ‘विश्वासाने जा, प्रभू पुरवील’ असं उमेदवाराला सांगणारा माणूस स्वतः दर महिन्याला पगार घेत असेल, तर ते मला अन्यायाचं वाटतं. प्रभू पुरवतो हे खरं आहे, पण तो पुरवतो ते बहुतेक वेळा शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातून.

हे आपल्या देशातल्या काही मंडळींना फार लवकर उमगलं. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरलाच, कॅरी यांच्या ग्रंथालयात, नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, हे तिचं सूत्र. तिचे चिटणीस व्ही. एस. अझरिया १९०९ मध्ये स्वतःच तेलुगू मुलखात दोर्नकलला सेवेसाठी गेले. परदेशातून मनीऑर्डर येण्याची वाट पाहणाऱ्या चर्चला त्या पिढीने स्वतःच्या पायांवर उभं राहायला शिकवलं.

मात्र मला सर्वांत जवळचं वाटतं ते मिझोराम. लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी तिथे पोचले १८९४ मध्ये. पुढच्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या मंडळीकडे रोकड नव्हती. होता तो तांदूळ. १९१० मध्ये ऐझॉलच्या मिशन वेंग मंडळीत ‘बुहफाइ थाम’ सुरू झालं, म्हणजे मूठभर तांदूळ. स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई तांदूळ मापून घेते आणि आधणात वैरण्याआधी एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. उरलंसुरलं दान नव्हे हे. घरच्यांच्या तोंडचा तेवढा घास आधीच बाजूला निघतो. मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतात, मग तो विकला जातो. सुरुवातीला त्या पैशातून बायबलबाईंना वेतन मिळे. आज तिथल्या मंडळ्या भारतभर मिशनरी पाठवतात. गरिबाची मूठ आणि श्रीमंताची मूठ सारखीच, हे त्यातलं मला विशेष आवडतं. शिवाय चूल पेटली की आठवण होतेच. वार्षिक वर्गणीला ती ताकद नाही.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना संपण्याआधी, आम्ही आधार देत असलेल्या कुटुंबाचं पत्र वाचलं जातं. एका पावसाळ्यात आलेल्या पत्रात सुवार्तेच्या कामाबद्दल थोडंच होतं. हातपंप बिघडलेला, ओढ्याला पूर, धाकटीची शाळा बंद, बायकोचा ताप हटत नाही. काहींना ते रडगाणं वाटलं. पण पुढच्या रविवारी एका आजीबाईंनी मला दारातच गाठलं, ‘पाळकसाहेब, त्या पोरीचा ताप उतरला का?’ मिशनरीला आधार देणं म्हणजे काय, हे मला त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

दर महिन्याला पगार वेळेवर पोचला पाहिजे. त्याखेरीज दवाखान्याचा खर्च, मुलांची फी आणि म्हातारपणी डोक्यावर छप्पर यांची सोय व्हायला हवी. आमच्या अंदाजपत्रकात आजवर पहिली बाबच तेवढी आहे. येत्या वार्षिक सभेत मी उरलेल्या तिन्ही मांडणार आहे. पंचांपैकी दोघा-तिघांचा विरोध होईल, चर्चच्या रंगरंगोटीचं काम अडेल असं ते म्हणतील. रंग एक वर्ष थांबू शकतो, फी थांबू शकत नाही, हे मी त्यांना हिशेबाचा कागद पुढे ठेवूनच सांगणार आहे.