फॉर्ममध्ये नसलेला रकाना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेडिकल आहे. भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट, फोटोसकट. त्या फोटोतला माणूस मी दुकानात कधीच पाहिला नाही.

बारावीच्या दिवाळीत आजीची शुगरची गोळी तिथूनच आणली. चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, हातात पडली २ची स्ट्रिप. आम्ही कोणीच नीट पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आजी घामाने चिंब, हात थरथरताहेत. शुद्धीवर होती म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "स्ट्रिप सेमच दिसते ना ताई." डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, असं १९४८चा फार्मसी कायदा सांगतो. हे मला नंतर कळलं.

फार्मसीचं तेव्हाच ठरलं. यूट्यूबवर अमेरिकेतल्या मुली पर्सनल स्टेटमेंट कसं लिहायचं ते सांगतात. मीही हुरळून वहीत दोन पानं लिहिली, आजीसकट. आपल्याकडे तसला रकानाच नाही! सीईटीचं पर्सेंटाइल, मार्कशीट, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर. तुमचं 'का' कोणी विचारत नाही. दाखल्यावर माझ्या नावात एक 'ए' जास्त होता, त्या एका अक्षरासाठी तहसीलला चार चकरा. (तुम्ही अकरावीत असाल तर आजच सगळे दाखले शेजारी ठेवून स्पेलिंग बघा.)

आणि मग काका आले. "बी.फार्मला चार वर्षं कशाला? डी.फार्म कर, दोन वर्षांत सुटशील. सर्टिफिकेट भाड्याने लाव, घरबसल्या पैसे."

डी.फार्म वाईट नाही, पुढे थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण पप्पा गप्प राहिले, आणि घरचा हप्ता मला ठाऊक होता. मी एवढंच विचारलं, "आजीला गोळी दिली तेव्हा भिंतीवरचा तो फोटो कुठे होता?"

ऑप्शन फॉर्मची शेवटची रात्र. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर सीट आपोआप पक्की होते, म्हणून पहिला नंबर मनापासून टाकायचा. मी घरापासून लांबचं सरकारी कॉलेज टाकलं. कन्फर्म दाबलं. ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर गेला.

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.