खाऱ्या वाऱ्यातला बंगला

अलिबागजवळच्या किहीमच्या सुरूच्या बनाआड मुंबईच्या एका सधन कुटुंबाचा जो प्रशस्त बंगला होता, त्याची राखण माझ्या वडिलांकडे असल्यामुळे, ऐश्वर्याशी माझी पहिली ओळख त्या बंगल्याच्या बिजागऱ्यांपाशी झाली. मालकमंडळी वैशाखात येत. परंतु फाल्गुन सरता सरताच वडील वाटीत खोबरेल आणि हातात कोंबडीचे पीस घेऊन दारोदार फिरू लागत, एकेका बिजागरीत थेंब सोडत, दार पुढेमागे हलवीत, आणि तांबूस काळा गंज ओघळून आला की तो फडक्याने टिपून घेत. लोखंडाला गंज चढे, पितळेवर हिरवट कळा येई, भिंतीचा चुना पापुद्र्यांनी सुटे. समुद्राचा हा अंमल बाराही महिने चाले, आणि त्याच्याशी झुंजणारा माणूसही बारमाही लागे.

पाहुणे महिनाभराने परतले, की कौले चाळून घ्यायची, पश्चिमेच्या पडवीला झडीपासून बचाव म्हणून माडाच्या झापांची आड बांधायची, आणि मग आषाढभर त्या घरात आम्हीच काय ते वावरत असू. घराचा स्वभाव पावसाळ्यातच कळतो, असे माझे ठाम मत आहे. पाखराच्या घरट्याचेही तेच: याच किहीममध्ये १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली सुगरण पक्ष्याचे निरीक्षण करीत राहिले होते. सुगरणीचा विणीचा हंगामच मुळी पावसाळ्याचा, त्यामुळे नर एकामागून एक घरटी विणतो, मादी ती पारखून पसंत करते, आणि एक अंड्यांवर बसली की तो दुसरीसाठी नव्या घरट्याला लागतो, हे उन्हाळी पाहुण्याला कधीच न दिसणारे रहस्य त्यांना उमगले.

पुढे मी नोकरीनिमित्त मुंबईस गेलो. त्या कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीने मला अगत्याने पाहुणा म्हणून बोलावले, तेव्हा पडवीतल्या आरामखुर्चीत बसूनही माझे कान दारांच्या कुरकुरीकडेच लागले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, माड-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, बंगल्याची कौले उडाली. त्या रात्री दिवाणखान्यातले सामान उचलून कोरड्या खोलीत नेले ते राखणदाराच्या कुटुंबाने, स्वतःच्या खोपटाचे छप्पर उडालेले असताना.

आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मोटारीसकट जवळच्या मांडव्याला उतरता येते, आणि किनाऱ्यावर तरणतलावांचे, काचेच्या भिंतींचे विलासी बंगले उभे राहत आहेत. कुटुंबाने एकत्र यावे, मुलांनी वाळूत लोळावे, यासाठी ते हवेतच. त्या सुखाला मी कधीही नावे ठेवणार नाही. मात्र असे घर बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की राखणदाराच्या कुटुंबासाठी पक्क्या छपराच्या दोन खोल्या आराखड्यातच काढाव्यात, आणि त्याचा पगार हंगामी न ठेवता बारमाही ठेवावा.