एल पासोतली खोली

भाड्याची खोली पाहायला गेल्यावर काय काय पाहावं, हे माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नळाला पाणी केव्हा येतं, जिन्यात दिवा आहे का, आणि शेजारी कोण. बाकीचं आपोआप कळतं, असं त्या म्हणायच्या. ही त्रिसूत्री नागपुरात धरमपेठेत बिऱ्हाड थाटताना उपयोगी पडली होती. तीच घेऊन मी एके दिवशी अमेरिकेच्या अगदी काठावर खोल्या शोधत हिंडेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की आमच्या धाकटीला एल पासो येथील टेक्सास विद्यापीठात प्रवेश मिळाला. आनंदाचे पेढे वाटून होतात न होतात तोच आमच्या ह्यांनी नकाशा उघडला. विद्यापीठ सापडलं, त्याच्या खाली एक नदी सापडली आणि नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेस शहर सापडलं. दोन्हींमधलं अंतर बोटाच्या पेराएवढं! "अगं, ही मुलगी अमेरिकेत चाललीय की मेक्सिकोत?" ह्यांनी विचारलं, आणि त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. शेवटी ठरलं, की मी सोबत जावं, खोली पाहून द्यावी आणि ती सीमेपासून जितकी दूर असेल तितकी दूर पाहावी.

एल पासो म्हणजे पार जाण्याची वाट. फ्रँकलिन डोंगर आणि पलीकडचे हुआरेसचे डोंगर यांच्या मधल्या खिंडीतून रिओ ग्रांदे नदी वाहते आणि गाव त्या खिंडीतच वसलेलं आहे. ऑगस्ट महिना होता. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. तेच कोरडं, भाजून काढणारं ऊन! जुन्या घरांच्या छपरांवर पाहते तो काय, कूलर! आपल्या नागपूरसारखाच, ओल्या जाळीतून वारा ओढणारा. परमुलुखात ओळखीचं माणूस भेटावं तसा मला तो कूलर भेटला.

विद्यापीठ पाहून तर मी चाटच पडले. उतरत्या जाड भिंती, पुढे आलेली रुंद छपरं, वर विटांची नक्षी. टेक्सासात भूतान! 1914 मध्ये इथे खाणकामाची शाळा निघाली. 1916 मध्ये तिची मुख्य इमारत जळाली. नव्या जागी काय बांधावं याचा विचार चालला असता प्रमुखांच्या पत्नीला 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकातली भूतानची छायाचित्रं आठवली. असेच डोंगर, मग अशीच घरं का नकोत? 1917 पासून तीच धाटणी चालू आहे. एका गृहिणीच्या सूचनेवर आख्खं विद्यापीठ उभं राहिलं, हे मी ह्यांना फोनवर मुद्दाम सांगितलं.

मग खोल्यांचा शोध सुरू झाला. पहिली जागा शहराच्या पश्चिम भागात, सीमेपासून चांगली लांब. फाटक, कॅमेरे, पोहण्याचा तलाव. नाव सांगत नाही, पण फाटक बिघडून सताड उघडं होतं, जिन्यातला दिवा बंद होता, आणि आधीच्या भाडेकरूच्या किल्ल्या परत आल्या का, हे तिथल्या बाईंना सांगता येईना. बसचा थांबा दूर. रात्री प्रयोगशाळेतून परतताना मुलीनं त्या भरधाव रस्त्याच्या कडेनं चालत यायचं. तरीही मी "हीच घे" म्हणाले. का? तर सीमा लांब होती!

दुसरी खोली सनसेट हाइट्समधली. ही विद्यापीठाच्या दक्षिणेची टेकडी. शंभरेक वर्षांपूर्वीची विटांची घरं. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या वेळी पलीकडून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी इथे आसरा घेतला होता. टेकडीच्या खाली हमरस्ता, मग रूळ, मग उंच पोलादी कुंपण, सिमेंटच्या पात्रातली नदी, आणि पलीकडे डोंगरभर पसरलेली हुआरेसची घरं. व्हरांड्यात उभी राहिले तर पलीकडच्या दोऱ्यांवरचे कपडे दिसत होते. माझ्या पोटात गोळा आला.

घरमालकीण सत्तरीच्या. आईवडील मेक्सिकोतून आलेले, जन्म इथला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हे. "मुलगी रात्री किती वाजता येते?" सासूबाईच समोर येऊन बसल्याचा भास झाला मला. मग त्यांनी दार दाखवलं. बाहेरचा माणूस दिसावा म्हणून भिंगाचं छिद्र आणि फक्त आतून लागणारी भक्कम कडी. टेक्सासच्या कायद्यानं या दोन्ही गोष्टी भाडेकरूला द्याव्याच लागतात, आणि भाडेकरू बदलला की सात दिवसांत कुलपाची किल्लीही बदलावी लागते. बाईंनी ती बदललेली होती. घर 1978 पूर्वीचं, तेव्हा रंगात शिसं असण्याचा धोका सांगणारं पत्रकही त्यांनी हाती ठेवलं. तेही कायद्यानंच.

"शिशाचं आम्हांला कुणी शिकवायला नको," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पश्चिमेकडे हात केला. तिथे तांबं-शिसं गाळणारा मोठा कारखाना होता; 828 फूट उंच धुरांडं. त्याच्या पायथ्याशी कामगारांची वस्ती होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं आणि वस्ती उठवली गेली. कारखाना पुढे बंद पडला आणि 2013 मध्ये ते धुरांडंही पाडलं.

"आणि पलीकडून कधी काही...?" मी चाचरत विचारलं.

बाईंनी लपवलं नाही. 2010 मध्ये हुआरेसमध्ये तीन हजारांवर माणसं मारली गेली. टोळ्यांचं युद्ध चाललं होतं. त्याच ऑगस्टमध्ये पलीकडच्या चकमकीतली एक गोळी नदी ओलांडून विद्यापीठाच्या एका इमारतीत शिरली. सुदैवानं कुणाला लागली नाही. पण त्याच वर्षी अख्ख्या एल पासोत खून झाले फक्त पाच! मोठ्या शहरांत हे अमेरिकेतलं अतिशय सुरक्षित गाव मानलं जात होतं, कुंपणाला खेटून असूनही.

मी तरीही हो म्हटलं नाही. "विचार करून सांगते," म्हणून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात लेकीची एक वर्गमैत्रीण भेटली. ती हुआरेसची. अशी पुष्कळ मुलं रोज पूल ओलांडून शिकायला येतात. ही पहाटे चारला उठते, पुलावरच्या रांगेत उभी राहते, कागद दाखवते आणि आठच्या तासाला हजर होते. मला राहवलं नाही. "बाई गं, तुझ्या आईला काळजी वाटत नाही? असल्या गावात राहायचं म्हणजे?"

ती हसली. "वाटते ना. ती म्हणते, तास संपले की लगेच घरी ये, तिकडच्या मोठ्या दुकानांत जाऊ नकोस."

क्षणभर मला काही कळेना. मग लेकीनं हळूच सांगितलं. 3 ऑगस्ट 2019 रोजी इथल्या वॉलमार्टमध्ये एका तरुणानं बंदूक चालवली. 23 माणसं गेली, त्यांत मेक्सिकोहून खरेदीला आलेलीही होती. मेक्सिकन वंशाची माणसं मारायची म्हणूनच तो आला होता. आणि तो पलीकडून आला नव्हता. डलासजवळच्या गावातून, दहा तासांहून अधिक मोटार हाकत आला होता. म्हणजे सीमेपासून चांगली लांब असलेल्या जागेतून!

मी खाली बसले. नदीच्या पलीकडे एक बाई रोज पहाटे लेकीला इकडे पाठवताना जिवाचं पाणी करत होती, आणि नदीच्या अलीकडे मी तिच्याच गावाकडे बोट दाखवून लेकीसाठी खोली नाकारत होते.

पूर्वी तर ती नदीही एका जागी नव्हती. 1864 च्या पुरानंतर तिचं पात्र दक्षिणेला सरकलं आणि जमीन कुणाची यावर दोन देश शंभर वर्षं भांडले. 1963 मध्ये करार झाला, नदीला सिमेंटच्या पात्रात बांधलं आणि या गावातल्या हजारो लोकांना आपली राहती घरं सोडावी लागली. घर होतं तिथेच, देश मात्र बदलला! आपण मात्र तिला देवानं आखलेली रेघ समजून भ्यायचं.

त्याच संध्याकाळी सनसेट हाइट्सची खोली घेतली. बारा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, सगळं रीतसर. मी मात्र माझी त्रिसूत्री सोडली नाही. व्हरांड्यातला मिणमिणता दिवा बदलून घेतला. विद्यापीठाची वाट अंधार पडल्यावर लेकीबरोबर दोनदा चालून पाहिली. विद्यापीठाच्या पोलिसांचा क्रमांक तिच्या फोनवर लिहून घेतला. 2016 पासून तिथे परवानाधारकाला दप्तरात पिस्तूल बाळगून वर्गात येता येतं, हे कळल्यावर मात्र मी करणार काय? माझ्या त्रिसूत्रीत त्यावर उपाय नव्हता.

निघायच्या आदल्या रात्री ह्यांचा फोन आला. "सीमेपासून किती लांब मिळाली?"

"समोरच आहे," मी म्हटलं. "पण जिन्यात दिवा आहे, आणि शेजारी चांगला आहे."

ह्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "आणि पाणी?"

"चोवीस तास," मी म्हटलं. तेव्हा ह्यांचा जीव भांड्यात पडला.

फ्रँकलिन डोंगरावर रोज रात्री दिव्यांचा एक भलामोठा तारा लावतात. दिवाळीत लेकीनं व्हरांड्यात पणत्या लावून छायाचित्र पाठवलं. मागे डोंगरावर तो तारा, आकाशकंदिलासारखा. घरमालकीणबाई हातात पणती घेऊन उभ्या होत्या. शेजारी लेकीची ती हुआरेसची मैत्रीण, फराळाची बशी घेऊन. तिच्यामागे, खाली, पलीकडच्या घरांचे दिवे लुकलुकत होते. त्यांतला एक तिच्या आईचा असणार. मुलगी अजून पूल ओलांडून घरी पोहोचायची होती.