सावळ्या देवाच्या घरची सून



आपल्या बोलीत गावची वस्ती ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. पांढरी राहायला, काळी जगवायला. म्हणून तिला आपण काळी आई म्हणतो. आईला काळी म्हणताना जीभ अडत नाही. सून काळी म्हटली की मात्र अडते.

कीर्तनाच्या आरंभी रूपाचा अभंग लागला की सावळ्या रूपावर माना डोलतात. त्या सावळ्याच्या पायांवर डोके ठेवायला आपण दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहतो. रखुमाईची मूर्तीही काळीच. पण सोयरिकीच्या कागदावर लिहितो, मुलगी गोरी हवी, निदान निमगोरी. मुलगा काळा असला तर ‘विठोबासारखा’ म्हणून कौतुक. मुलगी काळी असली तर ‘पण नाकीडोळी नीटस आहे हो’ असे आईबापांनी आधीच हात जोडून सांगायचे.

दिंडीत एका माउलीने मला लेकीची हकिगत सांगितली. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेतलेली, कमावती. चार ठिकाणांहून एकच निरोप आला : सगळे छान, पण उजळ हवी होती. पाचव्यांनी होकार दिला, पण रंगाची भरपाई मागितली. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, म्हणून तिला ‘लग्नखर्च’ म्हटले. बाप एक एकर विकायला निघाला. तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, शेत विकू नका. रंगाचे पैसे भरून घेणारे घर पुढे रोज हिशेब मागेल.”

माउलींनो, पोरीने नेमके वर्म सांगितले. ‘रंगाने कमी असून पदरात घेतली’ हे ऐकतच जिचा संसार सुरू होतो, ती त्या घरात उपकाराची मिंधी होते. नवऱ्याशी बरोबरीने बोलणे तिला जमत नाही. पुढे दिवस गेले की केशराचे दूध सुरू होते, मूल गोरे व्हावे म्हणून. केशराने दुधाचा रंग बदलतो, बाळाचा नव्हे. बाळ जन्मले की बायका आधी त्याचे कान निरखतात, मोठेपणी रंग कसा होईल म्हणून. आईने सोसलेले लेकीच्या वाट्याला पाळण्यातच येते.

कोणी दोष बाजाराला देतात. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली आले. पुढे ओरड झाली आणि २०२० साली त्याच्या नावातला ‘फेअर’ गेला. दुकानावरची पाटी बदलली, पण गिऱ्हाईक तर आपल्याच माजघरात तयार होते.

कोणी म्हणतात, महाराज, देव वेगळा, व्यवहार वेगळा. नामदेवराय, नाथमहाराज, तुकोबाराय हे सगळे प्रपंची होते. प्रपंचात राहूनच त्यांनी परमार्थ केला. वाळवंटात आपण लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो. ती समता गावच्या वेशीवर उतरवून ठेवायची असेल, तर वारीत नुसते पाय दुखवले म्हणायचे.

म्हणून एवढेच मागतो. पुढच्या सोयरिकीला कागदावरचा ‘वर्ण’ हा रकाना कोरा ठेवा. मुलगी बघायला गेलात तर तिचे शिक्षण, तिचा स्वभाव विचारा, आणि आपला मुलगा तिला पसंत आहे का, हेही विचारा. नातवंडांसमोर ‘ही उजळ, ती काळी’ अशी वाटणी करू नका. लेकरू खेळत असले तरी ऐकत असते.

रंगावरून मुलगी नाकारून कोणी पंढरीला गेला, तरी पांडुरंग त्याला परत पाठवणार नाही. तो कुणालाच पाठवत नाही. पण त्या सावळ्या पायांवर डोके टेकताना, नाकारलेल्या लेकीचा चेहरा ज्याच्या डोळ्यांपुढे येईल, त्याचे दर्शन खरे झाले असे मी म्हणेन.

राम कृष्ण हरि.