सगळ्या वर्गाला शिक्षा

मंडळी, आजचा विषय जरा रूक्ष आहे. कविता नाही, प्रवास नाही, उन्हाळी वाळवणंही नाहीत. आज विजेच्या नियमांबद्दल लिहायचं आहे. पण अर्ध्यातून उठून जाऊ नका, विषय शेवटी शाळेतच येतो.

निमित्त माझ्या पुण्याच्या मावसभावाचं (तो हे वाचणार आहे, म्हणूनच लिहिते!). फोनवर बोलता बोलता मी म्हणाले, दुपारपासून लाईट नाही. तो म्हणाला, "अगं, तुमच्याकडे लोक बिलं भरत नाहीत, मग लाईट जाणारच की!" मी म्हटलं, "मी भरते ना." तो हसला आणि विषय बदलला. मी काही विषय सोडला नाही. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. गंमत म्हणजे ती नुसती पुणेरी शेरेबाजी नव्हे. एके काळी तो रीतसर मंजूर झालेला नियम होता. तो कसा झाला ते सांगते.

वीज कुणाला, किती दरानं आणि कोणत्या अटींवर द्यायची हे पूर्वी वीज मंडळ आणि सरकार मिळून ठरवत. १९९८ च्या कायद्यानुसार १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे दोघं एकाच वयाचे! पुढे २००३ चा विद्युत कायदा आला, आणि ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचं विभाजन होऊन वितरणाचं काम महावितरणकडे गेलं. तेव्हापासून वितरण कंपनीला दर असोत, नव्या जोडणीचे आकार असोत की पुरवठ्याच्या अटी, आयोगाची मान्यता लागते. आयोग जाहीर सूचना देतो, हरकती मागवतो, सुनावणी घेतो आणि मग आदेश काढतो. घरच्या मीटरमागे एवढा मोठा कारभार आहे हे आपल्याला माहीतच नसतं.

या आयोगानं चांगली कामं केली, ती आधी सांगायला हवीत. वीज मंडळ कित्येक वर्षं सांगत असे, की वाटेत होणारी गळती पंधरा-अठरा टक्के आहे. आयोगासमोर २००० साली पहिली दरवाढ आली, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकडे तपासले, आणि खरी गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचं उघड झालं. शेतीपंपांना मीटर नव्हते. त्यामुळे जो हिशेब लागत नव्हता तो शेतीच्या नावावर टाकलेला होता. हे बाहेर आलं ते आयोगामुळे. पुढे सप्टेंबर २००६ मध्ये आयोगानं जोडणीच्या आकारांचा तक्ता मंजूर केला, त्यात 'सर्व्हिस लाईन चार्जेस' घ्यायची कंपनीची मागणी नाकारली. २० जानेवारी २००५ ला कृतीच्या मानकांचे विनियम निघाले. फ्यूज गेल्याची तक्रार शहरात ४ तासांत आणि खेड्यात १८ तासांत दूर झाली पाहिजे, खेड्यातलं रोहित्र (आपण डीपी म्हणतो ते) जळालं तर ४८ तासांत पुरवठा सुरू झाला पाहिजे, नाहीतर ग्राहकाला तासाला ५० रुपये भरपाई! शहराला चार आणि खेड्याला अठरा का, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. पण वीज हा हक्क आहे आणि तो मोडला तर पैसे मिळतात, असं कागदावर पहिल्यांदा आलं.

आता दुसरी बाजू. त्याच २००५ सालापासून महाराष्ट्रात विजेचा भयंकर तुटवडा सुरू झाला. चार-पाच हजार मेगावॉट कमी पडायचे. मग अंधार कुणाच्या वाट्याला किती, हे ठरवणं आलं. कायद्याच्या कलम २३ मध्ये आयोगाला विजेचं न्याय्य वाटप करण्यासाठी आदेश काढता येतो. 'न्याय्य' हा शब्द लक्षात ठेवा. भारनियमनाचं वेळापत्रक आयोगासमोर गेलं, आणि त्यात जे तत्त्व मान्य झालं ते असं, की जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. अ, ब, क, ड असे गट पडले. पुढे ते लांबत लांबत जी-१, जी-२, जी-३ पर्यंत गेले. सुरुवातीला गट विभागावर ठरत, नंतर फीडरवर. अर्थात आमचा नंबर खालून पहिल्या बाकावर.

मुंबईला तेव्हा भारनियमन नव्हतंच. पुण्यानं २००६ साली एक तोड काढली. तिथल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा खर्च पुण्याच्या ग्राहकांकडून जादा आकारानं घ्यायचा. यालाही आयोगाची मान्यता होती. युक्ती चांगलीच होती, मी नावं ठेवत नाही. पण आमच्याकडे ना कारखाने, ना जनरेटर, ना जादा पैसे भरायची ऐपत. शेजारी पूर्णेवर येलदरीला साडेबावीस मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे, तिथली वीज तारेतून दूर जाताना आम्ही लहानपणापासून बघतो. ती आमच्यासाठी थांबत नाही, आणि थांबावी असा नियमही नाही.

त्या काळात माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांची पिठाची गिरणी. गिरणीचं बिल कधी थकलं नव्हतं, कारण थकलं की धंदा बंद. पण दिवसा वीजच नसायची. वीज यायची रात्री, म्हणून गिरणी रात्री. डबे ओळीनं लावायचे, दळण झालं की नाव बघून ठेवायचं, हे काम ही मुलगी करायची. अभ्यास संध्याकाळी मेणबत्तीवर. तिच्या वहीच्या पानांवर मेणाचे ठिपके असत, पानं एकमेकांना चिकटलेली असत. दुसऱ्या तासाला ती हमखास पेंगायची. मी तिला झोपू द्यायची. पुढे वडिलांनी डिझेल इंजिन बसवलं आणि दळणाचा दर वाढवला. म्हणजे अंधाराचे पैसे शेवटी अख्ख्या गावानं भरले, बिल भरणाऱ्यांनी आणि न भरणाऱ्यांनीही. शेतात तर याहून वाईट. हळदीला आठ-नऊ महिने पाणी लागतं. थ्री फेज रात्रीची, म्हणून माणसं रात्री-बेरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जात.

माझा एक जुना विद्यार्थी वायरमन झाला होता. त्याला मी विचारलं, ही गळती मोजतात तरी कशी? तो म्हणाला, "बाई, सोपं आहे. सबस्टेशनातून फीडरवर किती युनिट गेले ते मीटर सांगतो. गावात किती युनिटची बिलं झाली ते कागद सांगतो. मधला फरक म्हणजे गळती." मी म्हटलं, म्हणजे सगळी चोरी? तो हसला. "नाही बाई. तार लांब आणि बारीक असली की वीज तारेतच तापून जाते. आपलं गाव लाईनच्या शेवटी. शिवाय बिनमीटरच्या पंपांचे युनिट अश्वशक्तीवरून अंदाजानं धरतात. अंदाज चुकला की गळती चुकली. आणि मग आकडे."

आकडे! आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ. एक कागदावरचा, दुसरा तारेवर टाकायचा. दुसऱ्या आकड्यांचं मी समर्थन करणार नाही. आकडे टाकणारे होते, अजून आहेत, आणि त्यातले काही चांगले खातेपिते आहेत. पण फीडरच्या त्या एका संख्येत आकडेवाला, अंदाज, लांबलेली तार आणि गिरणीवाल्याचं भरलेलं बिल, सगळं एकत्र दळलेलं असतं. त्या पिठातून एकेकाचे दाणे पुन्हा कसे वेगळे करणार?

शाळेत असताना आम्हाला एक मास्तर होते. खडू कुणी फेकला हे कळलं नाही की सगळ्या वर्गाला उभं करत. त्यांचा युक्तिवाद असा, की पोरं आपसात दबाव आणतील आणि फेकणारा सापडेल. तो कधीच सापडला नाही. उलट, न फेकताही उभं राहावं लागतंच आहे, तर फेकून घ्यावा, असं काही शहाण्यांनी ठरवलं. पुढे जन्मभर शिकवताना मला हे दिसत राहिलं. वर्गाला सरसकट शिक्षा केली की गुन्हेगाराला आडोसा मिळतो आणि सरळ पोराचा नियमावरचा विश्वास उडतो. आमच्या गल्लीत मी लोकांना म्हणताना ऐकलं आहे, "भरून काय फायदा? जाणारी लाईट जातेच." हे वाक्य त्या गटवारीनंच जन्माला घातलं.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू. वीज कमीच असेल तर कुणाला तरी मिळणार नाही. जिथे सगळे बिल भरतात त्यांनीही आमच्याइतकाच अंधार सोसावा, हे तरी कुठे न्याय्य? आणि वसुली नाही झाली तर कंपनी वीज विकत कशी घेणार? हा मुद्दा खोटा नाही, मावसभाऊ तोच मांडतो. पण कायद्यानं थकबाकीदारासाठी वेगळा रस्ता आधीच दिलेला आहे. कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या आणि त्याची, फक्त त्याची, जोडणी तोडा. चोरीसाठी कलम १३५ आहे. हे काम कष्टाचं आहे, माणसं लागतात, पुढाऱ्यांचे फोन येतात. स्विच एका जागेवरून बंद करणं सोपं. कष्टाचं काम टाळण्यासाठी सोपा नियम केला, आणि तो सुनावणीतून पार पडला म्हणून न्याय्य ठरला. जळालेल्या डीपीच्या बाबतीतही तेच. त्या डीपीवरच्या ठरावीक टक्के लोकांनी थकबाकी भरल्याशिवाय ती बदलायची नाही, ही अट गावोगाव ऐकायला मिळाली. विनियमातले ४८ तास कुठे आणि ही अट कुठे!

चांगले उपायही झाले, आणि ते सगळे मोजमाप लहान करणारे होते. गावठाणाचं फीडर शेतीपासून वेगळं केलं, तशी घरात संध्याकाळी वीज टिकायला लागली. २०२० च्या कृषिपंप धोरणात तर उलटी रीत आली. वसूल झालेल्या रकमेतले ३३ टक्के त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि ३३ टक्के त्याच जिल्ह्यात विजेच्या कामांवर खर्च करायचे. म्हणजे शिक्षेऐवजी बक्षीस! पण २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळसा कमी पडला आणि जी-१ ते जी-३ गट पुन्हा पेपरात आले. नियम मेला नव्हता, कपाटात होता.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. हे सगळं चोरून झालेलं नाही. जाहीर सूचना मराठी पेपरात छापून येतात. दरांच्या सुनावण्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) होतात. तिथे कोण जातं? उद्योजकांच्या संघटना जातात, ग्राहक पंचायत जाते, इचलकरंजीचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं आकडे घेऊन उभे राहतात. हिंगोलीतून दोनशे किलोमीटरवर जाऊन गिरणीवाला काय बोलणार, आणि त्या दिवसाचं दळण कोण दळणार? आयोगाचे मोठाले आदेश इंग्रजीत. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, मला एक आदेश वाचायला डिक्शनरी घेऊन चार दिवस लागले. तरी वाचला. आत काही जादू नसते. कुणी काय हरकत घेतली, कंपनी काय म्हणाली, आयोगानं काय ठरवलं, हे क्रमानं असतं. त्यात आमच्यासारख्या गावाचं नाव शोधत बसले, ते सापडलं नाही.

आता २०२१ पासून पुरवठा संहिता आणि कृतीची मानकं यांचे एकत्र विनियम लागू आहेत. केंद्राच्या डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत तर भरपाई ग्राहकानं न मागता आपोआप मिळावी असं म्हटलं आहे, निदान जिथे मोजमाप यंत्रानं होतं तिथे. घरोघरी आणि डीपीवर नवे मीटर बसत आहेत. त्यांच्याबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत, त्या ऐकल्याच पाहिजेत. पण वीज नेमकी कुठे हरवते हे डीपीगणिक कळायला लागलं, तर फीडरभर अंधार करायला निमित्त उरणार नाही. पुढच्या सूचनेला मी हरकत पाठवणार आहे, मराठीत, एका पानाची. तीनच ओळी सुचल्या आहेत: भारनियमनाचा गट कशावरून ठरला ते गावात फलकावर लावा. तारेतली गळती आणि चोरी वेगळी दाखवा. आणि बिल भरणाऱ्याला दुसऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात ठेवू नका.

तुमच्यापैकी कुणी अशी हरकत पाठवली असेल तर कशी लिहिली ते जरूर कळवा. आणि पुण्याच्या भाऊरायांनो, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. माझ्या पानाचं भाषांतर तुम्हीच करून द्यायचं आहे!